व्याही ठिबकवर

माझ्या व्याह्यांना मी ठिबकवर घेतलं होतं, हे खरं आहे.

म्हणजे संत्र्याला घेतात तसंच. नळी टाकून, थेंब थेंब, बेतानं. फरक एवढाच, की संत्र्याला पाणी देतात आणि व्याह्यांना मी इंजिन ऑइल दिलं. संत्र्याचं झाड भिजताना तक्रार करत नाही. व्याह्यांनीही केली नाही! आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

पांढुर्ण्यात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, ड्रिपर, टी, एल्बो, बुचं. दिवसभर शेतकऱ्यांना 'दाब किती, छिद्रं किती, झाडं किती' हे सांगता सांगता माझी अशी पक्की समजूत झाली, की जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात एक नळी आहे आणि ती फुटली तर माझ्या दुकानातल्या सामानानं जोडता येते. आमच्या कूलरची नळी ठिबकची. वॉशिंग मशीनचा पाइप ठिबकचा. देव्हाऱ्यात महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्राऐवजी ड्रिपर आहे. (शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, याला कडाडून विरोध केला होता. पण श्रावणात गल्लीतल्या बाया पाहायला आल्या तेव्हा तीच मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "आमच्या ह्यायनं केलं!")

आणि माझ्याकडे एक गाडी आहे. काळी अॅम्बॅसिडर, अगदी पहिल्या काळातली. समोर सोफ्यासारखं सलग सीट, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा. लोधीखेड्याच्या एका डॉक्टरांच्या अंगणातून ही गाडी मी आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. डॉक्टर म्हणाले, "गाडी घेऊन जा, कोंबड्या ठेवा." शोभा म्हणाली, "उलटं नसतं झालं?"

तर आमची रश्मी नागपूरला बँकेत. तिथंच तिला सौंसरचा निखिल भेटला. पोरगा चांगला, पोरीच्या मनातला. अडचण एकच, पोराचे वडील. देवरावजी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. संत्र्याची बाग, पांढरेशुभ्र कपडे आणि तिखट जीभ यांसाठी अख्ख्या सौंसरात नाव. त्यांनी निरोप पाठवला, की रविवारी आम्ही नवराबायको घर पाहायला येतो. आमच्याकडची रीत अशी, की सोयरीक पटली तर पोराकडचे जेवायला बसतात आणि नाही पटली तर चहा पिऊन उठतात. म्हणजे पोरीचं नशीब सगळं त्या दिवशीच्या ताटावर!

रश्मी मला आठवडाभर आधीच म्हणाली, "बाबा, एक विनंती आहे. तुम्ही काही करू नका."

"म्हणजे काय नको करू?"

"काहीच नको!"

मी लगेच फोन लावला.

"देवरावजी, तुमी कायले गाडी काढता? मी येतो ना घ्यायले!"

"आमच्याजवळ हाये ना गाडी."

"ते काय गाडी हाये जी! दार लावलं तं डब्याचं झाकन लावल्यावानी आवाज येते. माही पाहा तुमी. अॅम्बॅसिडर हाये. जुन्या काळातली!"

पलीकडे देवरावजींचा आवाज एकदम बदलला, "तेलाची सुई चालते का तिची?"

आता ही सुई म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मधोमध एक गोल मीटर असतं. इंजिनातून तांब्याची एक बारीक नळी थेट त्या मीटरच्या पाठीपर्यंत येते. त्या नळीतून तेलाचा दाब येतो आणि सुई उभी राहते. सुई उभी म्हणजे इंजिनला तेल पोचतं आहे. सुई आडवी म्हणजे गाडी थांबवा आणि देवाचं नाव घ्या. देवरावजींची सारी नोकरी सरकारी जीपमध्ये फिरण्यात गेली होती, त्यामुळे त्यांना हे ठाऊक.

"सुई?" मी म्हणालो, "देवरावजी, मास्तर वर्गात आल्यावर पोट्टे उभे राह्यते ना, तशी उभी राह्यते!"

"बरं. मंग या घ्यायले."

आणि हे खरं होतं. सुई खरंच उभी राहायची. शनिवारी सकाळपर्यंत.

शनिवारी सकाळी मी गाडी चकचकीत करायला घेतली. बाहेरून पुसली, आतून पुसली. मग वाटलं, देवरावजी जाणकार माणूस, डॅशबोर्डखाली डोकावले तर? म्हणून मी उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरलो. तिथं मीटरच्या मागे पितळी नट होता, हिरवा पडलेला. तो मी चिंच लावून चमकवला. इथं थांबायला हरकत नव्हती. पण चमकवलेला नट पाहून मला वाटलं, जरासा घट्टही करावा. पक्कड लावली. नट फिरला. नटाबरोबर नळीही फिरली. 'कट्ट' असा आवाज आला आणि इतकी वर्षं, कोंबड्यांच्या काळातसुद्धा शाबूत राहिलेली नळी माझ्या हातात आली.

मी रफिकभाईकडे धावलो. रफिकभाई आमच्या गावचा मिस्त्री. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे तो बोलताना मान वर करून, आकाशाशी बोलल्यासारखा बोलतो.

"सेठ, ये नली इधर नहीं मिलती. नागपुर से मँगानी पड़ेगी. मंगल को आएगी."

"मंगळवार? रफिकभाई, उद्या इवाई येऊन राहिले!"

"तो टेन्शन काय का? इंजन के छेद में बोल्ट मार देता हूँ. तेल बंद, गाड़ी चालू."

"अन् सुई?"

"सुई सोएगी."

"सुई झोपली तं पोरगी घरी बसन ना!"

रफिकभाईनं खर्रा थुंकला, म्हणजे आता तो गंभीरपणे बोलणार होता. "सेठ, शादी लड़की की है कि सुई की?"

मी दुकानात आलो, खिन्न होऊन गल्ल्यावर बसलो आणि समोर पाहतो तो काय, कोपऱ्यात नळीचं बंडल! कुंड्यांसाठी येते ती बारीक काळी नळी. अगदी त्या तांब्याच्या नळीएवढी जाड! माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. अहो, जी नळी मी रोज विकतो, जिची मी रोज छातीठोक हमी देतो, तीच! पाच हॉर्सपॉवरचा पंप सहन करते, तिथं एका सुईचा दाब म्हणजे काय?

(ठिबकचा दाब इंजिनाच्या तेलाच्या दाबापुढे अगदीच किरकोळ असतो आणि ठिबकचं पाणी उकळतं नसतं, या दोन बारीकसारीक गोष्टी माझ्या ध्यानात आल्या नाहीत.)

अडचण एक होती. नळीला हात हात अंतरावर ड्रिपर बसवलेले होते. बिनड्रिपरची नळी संपली होती. मी ड्रिपर उपटले आणि प्रत्येक छिद्रात एकेक बूच ठोकलं. गरम पाण्यात टोकं मऊ करून एक टोक इंजिनाकडच्या तुकड्यावर आणि दुसरं मीटरवर चढवलं, वरून तार आवळली. नळी लांब झाली होती, पण दुकानदाराला नळी कापायची म्हणजे जिवावर येतं. शिवाय हाताला सवय. संत्र्याच्या बुंध्याभोवती आपण नळीचा वळसा देतो ना, तसाच एक छान गोल वळसा मी डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला देऊन टाकला.

डाव्या बाजूला पाहुणे बसतात.

शोभा चहा घेऊन आली. नळी पाहून तिचा कप हातातच राहिला. "हे काय करून राहिले तुमी?"

"नळी लावली. पाह्य आता!" मी इंजिन चालू केलं. सुई थरथरली, उठली आणि मास्तर आल्यासारखी उभी राहिली! मी अंगणात एक गिरकी घेतली.

"अहो, पन तेल अन् पानी एकच असते का?"

"दोन्ही पातळच ना!"

"मागं कूलरले लावली होती तवा माह्या भावाची गादी भिजली होती. रातभर बिचारा बसून होता."

"तो कूलरचा दोष होता!"

शोभानं हात जोडले. मला नाही, देव्हाऱ्याकडे. तिथंही ड्रिपरच होता.

रविवारी सकाळी मी सौंसरला निघालो. हवा गार, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कपाशी. सुई उभी. एक थेंब गळला नाही. मी आनंदानं शीळ घालत सौंसरला पोचलो.

देवरावजी दारात उभे होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरा रुमाल. इतके पांढरे, की बघताना डोळे बारीक करावे लागत होते. विहीणबाई कुसुमताई मागच्या सीटवर बसल्या. देवरावजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर थाप मारली, काही न बोलता पुढे येऊन बसले. वहाणा काढून खाली ठेवल्या, सोफ्यावर घालावी तशी ऐसपैस मांडी घातली आणि सुईकडे पाहिलं.

"उभी हाये," ते म्हणाले.

"म्हटलं होतं ना!"

ते चक्क हसले. मी मनातल्या मनात साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवून टाकली.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. गाडीत आता माणसं होती, मला घाई होती, इंजिन तापलं. सौंसर मागे पडून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच कुठेतरी 'टुक' असा लहानसा आवाज झाला. पहिलं बूच निघालं होतं.

मी कानाडोळा केला. मग तिरप्या नजरेनं पाहिलं. देवरावजींच्या उजव्या गुडघ्यावर एक सोनेरी थेंब पडला. मग आणखी एक. (तेल मी कालच नवीन टाकलं होतं. इतकं स्वच्छ, की मधासारखं दिसत होतं!) देवरावजींनी थेंबाकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी गुडघा जरासा आत घेतला.

मला वाटलं, आता बोलतील. सौंसरात ज्यांच्या जिभेला लोक भितात, ते आता माझी सालटी काढतील! पण ते म्हणाले, "यंदा संत्र्याले भाव कसा हाये तुमच्याकडे?"

"चढून राहिला जी," मी म्हणालो. सुई उतरत होती.

टुक. दुसरं बूच.

आता थेंब मांडीवर. देवरावजींनी शांतपणे पांढरा रुमाल काढला आणि मांडीवर पसरला, जसं काही प्रवासात रुमाल मांडीवर पसरायचाच असतो. मी काय करायचं? गाडी थांबवली तर विचारतील, काय झालं? नळी गळते म्हटलं तर विचारतील, कसली नळी? मग सुई, मग पक्कड, मग सगळंच! म्हणून मी ठरवलं, ते बोलत नाहीत तोवर आपणही पाहिलं नाही. दोन जाणते गृहस्थ शेजारी बसलो होतो, मधे तेल ठिबकत होतं आणि आम्ही दोघं पावसापाण्याच्या गोष्टी करत होतो!

मागून कुसुमताई म्हणाल्या, "कोनी काही तळून राह्यलं का? गरम तेलाचा वास येते."

आजूबाजूला कोसभर कपाशीशिवाय काही नव्हतं. मी म्हणालो, "लग्नसराई हाये ना ताई, कुठंतरी भजे तळत असतीन."

"हो," देवरावजी म्हणाले, "भजेच."

भजेच! माझ्या खोट्याला त्यांनी टेकू दिला! मला कळेना, हा माणूस आहे की संत?

एवढ्यात सुई आणखी खाली आली. आणि इथं मी ते केलं, जे ठिबक विकणारा माणूसच करू शकतो. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल तर आम्ही काय सांगतो? पंपाचा दाब वाढवा! मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, सुई एकदम उभी राहिली, देवरावजींनी समाधानानं मान हलवली आणि उरलेली सगळी बुचं एकदम सुटली.

टुक टुक टुक टुक!

व्याही ठिबकवरून थेट तुषार सिंचनावर गेले. एक धार वहाणेत, एक सदऱ्यावर आणि एक, बहुतेक वळशाच्या टोकाची, सरळ वर उडून चष्म्यावर! मी घाबरून पाय काढला, सुई पडली. सुई पडली म्हणून पुन्हा दाबला, धारा उडाल्या. असं मी किती वेळ केलं असतं कोण जाणे. शेवटी दोन्ही काचांवरून तेल निथळत असलेले देवरावजी अतिशय शांत आवाजात म्हणाले, "राजाभाऊ."

"हो जी?"

"थांबवता का जरा?"

मोहगाव फाट्याजवळ कडुनिंबाखाली गाडी थांबवली. कुसुमताईंनी पुढे वाकून नवऱ्याकडे पाहिलं आणि "माय व!" एवढंच म्हणाल्या. देवरावजींनी चष्मा काढला, खाली वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. संत्र्याचा बागाईतदार माणूस तो! त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही.

"हे तं ठिबकची नळी हाये."

आता या प्रसंगी माणसानं पाय धरायला हवेत. पण तोंडातून दुकान बोललं, "आपल्याच दुकानची जी. चांगल्या क्वालिटीची हाये."

मला रफिकभाईचा बोल्ट आठवला, पण तो रफिकभाईकडे होता. डिकीत तेलाचा डबा होता (असल्या गाडीचा मालक स्टेपनी विसरेल, पण तेलाचा डबा विसरत नाही). तेल भरलं. पण नळीचं काय? शेतात टोकाचं बूच हरवलं की आपण काय करतो? नळी दुमडतो आणि दोरीनं बांधतो. देवरावजींनी नळी इंजिनाकडच्या बाजूनं धरून दुमडली. दोरी नव्हती. रुमालानं बांधून पाहिली, रुमाल तेलानं इतका बुळबुळीत की गाठच बसेना. शेवटी त्यांनी ती दुमड मुठीत घट्ट धरली, वाकून बसले आणि म्हणाले, "चाला."

मोहगाव फाट्यापासून पांढुर्ण्यापर्यंत माझे होऊ घातलेले व्याही कमरेत वाकून, डॅशबोर्डखाली हात घालून, इंजिनाची नस धरून बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत. सुई ठार आडवी. मी तर तिच्याकडे पुन्हा पाहण्याचं धाडसही केलं नाही.

आमच्या गल्लीत सगळी तयारी होती. दारात रांगोळी, पुढे शोभा नवं लुगडं नेसून ओवाळणीचं ताट घेऊन, मागे गल्लीतल्या सगळ्या बाया आणि खिडकीत रश्मी. गाडी दारासमोर थांबली. मी विजयी मुद्रेनं हॉर्न वाजवला. (का वाजवला, हे आजही मला सांगता येत नाही.)

शोभा देवरावजींच्या खिडकीशी आली. "या जी, उतरा."

देवरावजी वाकलेलेच. एकच हात कपाळाशी नेऊन म्हणाले, "नमस्कार. उतरता येत नाई सध्या."

शोभाला वाटलं, कंबर धरली. तिनं तिथंच खिडकीतून कुंकू लावलं. तेलकट कपाळावर कुंकू ठरेना. ते भुवईवर आलं, तिथून नाकावर आलं आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं. बायांमधून कोणीतरी खुदकन हसलं. शोभानं घाईनं ओवाळायला सुरुवात केली.

"वहिनी," देवरावजी म्हणाले, "पहिले ह्यायले इंजन बंद कराले सांगा."

खरंच की! इंजिन चालूच होतं. "हे पाहा, केलं बंद!" मी म्हणालो आणि गडबडीत पाय पडला अॅक्सिलरेटरवर. 'बंद' हा शब्द ऐकून देवरावजींनी मूठ सोडली होती. एक लांब, सोनेरी, डौलदार धार खिडकीतून बाहेर गेली आणि बरोबर ओवाळणीच्या ताटात पडली. निरांजन चर्र करून विझलं.

गल्ली शांत झाली. इतकी शांत, की तिसऱ्या घरातल्या कुकरची शिटी सगळ्यांनी ऐकली. खिडकीतून रश्मी दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ मी अंगणात काढला, कारण घरात मला कोणी घेत नव्हतं. देवरावजींना न्हाणीघरात गरम पाणी, रॉकेल, धुण्याची पावडर असं सगळं पोचवण्यात आलं. आतून रश्मीच्या रडण्याचा आवाज येत होता. शोभा एकदा दारात आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज पोरीची सोयरीक मोडली ना, तं त्याच नळीनं तुमाले झाडाले बांधतो मी. पाह्यजा!"

"बुळबुळीत हाये ते," मी म्हणालो, "गाठ बसत नाई." ती आत गेली. बरंच झालं.

देवरावजी बाहेर आले ते माझा सदरा घालून. मी आडवा माणूस, ते उभे. सदरा बेंबीपाशी संपत होता आणि रुंदीला दोघांना पुरला असता. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले. चहा आला. त्यांनी कप हातात घेतला. आम्ही सगळे त्या कपाकडे पाहत होतो. चहा पिऊन उठले, की संपलं!

"राजाभाऊ," ते म्हणाले, "एक गोष्ट इचारू का?"

"इचारा ना जी."

"मी गप काहून बसलो ते सांगतो. मोठ्या पोराच्या वेळेस मी इवायाच्या घरी चहाले नाव ठेवलं. चहाच होता तसा! पन सोयरीक मोडता मोडता राह्यली. म्हनून ह्या खेपेले या बाईनं अन् निखिलनं मले शपथच घातली होती, का काहीही झालं तरी तोंड उघडाचं नाई. अंगावर उकळतं तेल पडलं तरी!" त्यांनी आखूड सदरा खाली ओढला. "मले काय मालूम, तेच पडन! पन मी शपथेपायी गप होतो. तुमी काहून गप होते जी?"

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं! मी म्हणालो, "सुईपायी."

"सुईपायी?"

"तुमी फोनवर इचारलं ना, सुई चालते का? तुमाले सुई उभी पाह्यजे होती. काल माह्या हातून नळी तुटली. म्हटलं, सुई आडवी दिसली तं तुमी नाराज व्हान."

देवरावजींच्या मिशा हलायला लागल्या.

"अरे बाप्पा! उभी पाह्यजे असं कवा म्हटलं मी? माही सारी नोकरी त्या जीपमंधी गेली, अन् त्या जीपची सुई एक दिवस चालली नाई! तशीच पळवली आमी! म्हनून नवल वाटलं, का कोनाची चालते तरी का! नसती चालली तं काय मी पोरगीले नाई म्हनलो असतो?"

आधी हसल्या कुसुमताई. इतक्या हसल्या की पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या. मग शोभा, मग दारामागून रडून लाल झालेली रश्मी, मग कुंपणावर टांगलेली सगळी गल्ली. मी हसावं की नाही हे ठरेपर्यंत सगळ्यांचं हसून झालं होतं.

देवरावजींनी चहाचा कप न पिता तसाच बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वाढा. भुकेनं जीव जाऊन राह्यला."

चार पुरणपोळ्या खाल्ल्या त्या माणसानं! वर कढी, वर वडे. हात धुताना म्हणाले, "पोरगी आमची झाली. देन्याघेन्याचं काही बोलू नका. साक्षगंध ह्याच महिन्यात करू. माही एकच अट हाये."

"बोला जी, बोला!"

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि मग शोभाकडे वळून अतिशय विनयानं म्हणाले, "आमच्या घरी आल्यावर ह्यायनं काहीच दुरुस्त कराचं नाई."

"मंजूर!" हे शोभा, रश्मी आणि गल्ली एकदम म्हणाली. मला कोणी विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. वरातीला तीच गाडी होती. रफिकभाईनं नागपूरहून तांब्याची नळी आणून बसवली. बसवताना त्यानं मला रस्त्याच्या पलीकडे, पानठेल्यापाशी उभं केलं होतं.

आता पोरगी सुटीला सासरी आली, की मी सौंसरला जात असतो. काय सांगू तुम्हाला तिथला पाहुणचार! दारात पाऊल टाकलं, की एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात चिवड्याची बशी. बशी संपते न संपते तोच कोणीतरी चहाचा कप देतं. कप खाली ठेवायला वाकलो तर चौघं धावतात, "राहू द्या, राहू द्या!" आणि कप घेऊन लाडू देतात. एकदा तर देवरावजींनी स्वतः, नात्यातल्या कोणाचं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि जाईपर्यंत परत घेतलं नाही. मी पांढुर्ण्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो, "इवाई असावा तं असा! मान ठेवावा तं असा!"

शेवटी रश्मीलाच राहवलं नाही. म्हणाली, "बाबा, मान-बिन काही नाही. सासऱ्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही घरात आहात तोवर तुमचे दोन्ही हात गुंतलेले पाहिजेत."

मला फार वाईट वाटलं. लाडू संपेपर्यंत वाटत होतं.

मग मी नीट विचार केला. परवा रश्मीचा फोन आला, "बाबा, आज येऊ नका हं, इकडे पाण्याची मोटर बंद पडलीय." मी तातडीनं निघालो. निघताना खिशात एक पक्कड ठेवली, मूठ बाहेर दिसेल अशी.

पुरणपोळी मिळाली.